जन्माचं नक्षत्र आणि मोक्षाचं नक्षत्र



फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या सांगलीत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्याआधी आमची जेवणं झालेली असतात. सव्वासातला भांडी घासून पालथी पडतात, ओटा पुसून होतो, आणि हातात एक तास उरतो. शेजारच्या घरांत त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, सूर्यास्ताआधी सगळं आवरायचं म्हणजे दुपारपासूनच धावपळ. धावपळ असतेच, पण तिच्या बदल्यात जो तास मिळतो त्याकडे मी कितीतरी वर्षं लक्षच दिलं नाही. तो टीव्हीला दिला. गेली तीन वर्षं तो गच्चीला देते आहे. फाल्गुन-चैत्रात गच्चीवरून काय पाहायचं आणि ते आपल्या घरचं कसं आहे, हे आज लिहायचं आहे.

सुरुवात आज्जीपासून करते, कारण मला पहिल्यांदा आकाश तिनं दाखवलं.

फेब्रुवारी १९८१ मध्ये श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या मूर्तीच्या हजार वर्षांचा महामस्तकाभिषेक झाला. मी तेव्हा बी. कॉम.ला होते. आई, आज्जी आणि गल्लीतल्या सात-आठ बायका मिळून आम्ही गेलो होतो. अभिषेकाचा दिवस होता २२ फेब्रुवारी. दुसऱ्या रात्री दहाच्या सुमाराला आम्ही तंबूच्या बाहेर सतरंजीवर पडलो होतो. चंद्र अजून उगवायचा होता. पूर्वेला दोन मोठ्या चांदण्या जवळजवळ चिकटून वर आल्या होत्या. आज्जी म्हणाली, "ते गुरू आणि शनी. यंदा एकत्र आलेत." मग बोट जरा वर आणि डावीकडे नेलं आणि म्हणाली, "आणि ती एकटी आहे ना, ती उत्तरा. आपल्या महावीर भगवंतांचं जन्मनक्षत्र."

आज्जी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं दुर्बीण कधी पाहिली नव्हती. गुरू आणि शनी त्या वर्षात खरोखरच तीनदा जवळ आले होते, हे मला कितीतरी वर्षांनी वाचून कळलं. त्या रात्री मी नुसतं "हो का?" म्हटलं आणि झोपले. आज्जी गेली, आणि तिला आकाशातलं आणखी काय काय येत होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला जरा जड जाते.

बरीच वर्षं मी आमच्या मंदिरात रविवारी पाठशाळा घेत असे. एकदा जंबूद्वीपाचा पाठ चालू होता. जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र आहेत असं मी फळ्यावर लिहिलं. पाचवी-सहावीतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, दोन चंद्र आहेत तर दिसतो एकच कसा?" तिला काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "शास्त्रात आहे ते आहे. खाली बस." ती खाली बसली. दिवाळीनंतर ती पाठशाळेत आली नाही. तेव्हा मला वाटलं, शाळेचा अभ्यास वाढला असेल.

मध्यंतरी एका लग्नात ती भेटली. इंजिनीअर झाली आहे, कडेवर बाळ होतं. वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाली, "बाई, तुम्ही मला खाली बसवलं होतं, आठवतं का?" तिनं सहज म्हटलं. माझ्या मात्र घशाखाली घास उतरेना.

त्याच्या पुढे-मागेच २३ ऑगस्ट २०२३ ची ती संध्याकाळ. चांद्रयान-३ उतरत होतं आणि आम्ही लवकर जेवायला बसून टीव्हीकडे बघत होतो. सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची नात, तेव्हा सात वर्षांची, घास तोंडात धरून म्हणाली, "आज्जी, हे कुठल्या चंद्रावर उतरलं? आपल्या की दुसऱ्या?" सगळे हसले. मी हसले नाही. मला ती उभी राहिलेली मुलगी दिसली. या वेळी "गप जेव" म्हणायचं नाही, एवढं मी तिथेच ठरवलं.

मंदिराच्या स्वाध्यायाच्या कपाटातून हिंदी टीकेसह त्रिलोकसार घरी आणलं. पण नुसतं पुस्तक वाचून कळेना. त्यात ज्या नक्षत्रांचा हिशोब होता त्यांतली मला पाच-सहासुद्धा ओळखता येत नव्हती. म्हणून आधी गच्चीवर गेले.

मैत्रिणींनो, शिकायला हे दिवस सगळ्यांत चांगले. आकाश स्वच्छ, थंडी सरलेली, आणि ओळखीची नक्षत्रं एका ओळीत. मार्चच्या मध्यावर रात्री आठला डोक्यावरून जरा पश्चिमेला बघा. तीन तारे सरळ रेषेत दिसतील, तो मृगाच्या पोटातला बाण. त्याच्या पश्चिमेला तांबूस रोहिणी, तिच्याही खाली कृत्तिकांचा छोटा झुबका. दक्षिणेला आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा, व्याध. त्याच्या खाली क्षितिजाकडे अगस्त्य. जवळजवळ माथ्यावर दोन सारख्या चांदण्या शेजारी शेजारी, त्या पुनर्वसू.

आता पूर्वेकडे तोंड करा. अर्ध्या उंचीवर विळ्यासारखा आकार आहे, त्याच्या मुठीशी एक ठळक तारा. ती मघा. मघेच्या खाली तीन ताऱ्यांचा त्रिकोण. त्यातले वरचे दोन म्हणजे पूर्वा फाल्गुनी, आणि सगळ्यांत खालचा, टोकाचा, एकटा म्हणजे उत्तरा फाल्गुनी. आज्जीनं दाखवलेली.

तासभर थांबा. आग्नेयेला चार ताऱ्यांचा तिरका चौकोन वर येतो, तो हस्त. मग पूर्वेला पांढरी शुभ्र चित्रा, आणि ईशान्येकडून केशरी झाक असलेली स्वाती. ओळखायची खूण सोपी आहे. उत्तर-पूर्वेला सप्तर्षी असतात, त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की स्वाती सापडते, आणखी पुढे नेली की चित्रा. चैत्रात, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, नऊ वाजता हे सगळं एकदम दिसतं. तेवढा वेळ थांबायची गरज राहत नाही.

ही नावं तोंडात बसली आणि मला पहिल्यांदा कळलं की आपले महिने कुठून आले. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रेपाशी असतो तो चैत्र. फाल्गुनीपाशी असतो तो फाल्गुन. विशाखेपाशी तो वैशाख. कृत्तिकेपाशी तो कार्तिक. शाळेत हे वाचलं होतं, पण गच्चीवर उभं राहून पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ बघणं वेगळं. भिंतीवरच्या कालनिर्णयाला मी आयुष्यभर मूळ समजत होते. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर ती खतावणी आहे. रोजची कीर्द वर लिहिली जाते, आणि ती कुणालाही वाचता येते.

मग मी एक हिशोब मांडून पाहिला. तुम्हीही बोटांवर करून बघा.

चंद्र दररोज साधारण एक नक्षत्र पुढे सरकतो. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ आणि वर दोन बोटं, एवढं अंतर. चैत्र पौर्णिमेला तो चित्रेपाशी. मग चतुर्दशीला हस्त आणि त्रयोदशीला उत्तरा फाल्गुनी. चैत्र शुद्ध त्रयोदशी म्हणजे आपली महावीर जयंती! दिगंबर परंपरेत आचार्य पूज्यपादांच्या नावावर असलेल्या निर्वाणभक्तीत महावीरांचा जन्म या तिथीला फाल्गुनी नक्षत्रावर सांगितला आहे. श्वेतांबरांच्या कल्पसूत्रात तिथी हीच, आणि नक्षत्र हस्तोत्तरा. हस्तोत्तरा म्हणजे जिच्या पुढे हस्त येतो ती, अर्थात उत्तरा फाल्गुनीच. दोन्ही परंपरांची किती बाबतींत मतं वेगळी आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. आकाशाच्या नोंदीत मात्र त्या एक आहेत.

आणि हे एकाच दिवसाचं नाही. आषाढ शुद्ध षष्ठीचं गर्भकल्याणक, मार्गशीर्ष कृष्ण दशमीची दीक्षा (आपल्याकडच्या पंचांगात ती कार्तिक वद्य दशमी), वैशाख शुद्ध दशमीचं केवलज्ञान, या तिन्हींना निर्वाणभक्ती चंद्र हस्तोत्तरेतच सांगते. मी प्रत्येक तिथी त्या महिन्याच्या पौर्णिमेपासून मोजून पाहिली. एखादं नक्षत्र इकडेतिकडे होतं, कारण चंद्राची चाल रोज अगदी सारखी नसते. पण प्रत्येक वेळी मी उत्तरेच्याच आसपास येऊन पोचले.

पाचवं कल्याणक मोक्षाचं. ती दिवाळीची अमावास्या, आणि नक्षत्र स्वाती. तेही मोजून बघा. आश्विन पौर्णिमेला चंद्र अश्विनीपाशी. अश्विनीला एक धरून पंधराव्या नक्षत्रापर्यंत या. स्वाती येते.

हा ताळा जुळला त्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. ज्यांनी या तिथी जपल्या त्यांनी नुसतं "अमुक दिवशी जन्म" असं लिहून ठेवलं नाही. त्या दिवशी चंद्र कुठे असायला हवा तेही सोबत लिहिलं. व्यवहारात आपण रक्कम आकड्यात लिहितो आणि अक्षरातही लिहितो, म्हणजे एकीत चूक झाली तर दुसरी पकडते. हे तसंच आहे. आणि ज्यांना चंद्राची चाल ठाऊक नाही त्यांना पाच-पाच नोंदी अशा जुळवून लिहिता येणार नाहीत.

यात मला सगळ्यांत गोड वाटलं ते पुढे आहे. दिवाळीला, निर्वाणलाडू चढवतो त्या दिवसांत, स्वाती सूर्याच्याच बाजूला असते. संधिप्रकाशात हरवलेली. मोक्षाचं नक्षत्र मोक्षाच्या दिवसांत नीट पाहायला मिळत नाही. ते पाहायचं तर चैत्रात. आणि चैत्रात पूर्वेकडून आधी उत्तरा वर येते, तिच्या मागून दोन-अडीच तासांनी स्वाती. भगवंतांचं जन्माचं आणि मोक्षाचं, दोन्ही नक्षत्रं एकाच संध्याकाळी, एकाच गच्चीवरून. ते बहात्तर वर्षांचं आयुष्य या दोन चांदण्यांच्या मध्ये मावलं आहे असं मला वाटतं, आणि रोजचा णमोकार मी आता तिकडे बघून म्हणते.

इथून परत श्रवणबेळगोळला जाऊ या.

बाहुबलींची मूर्ती गंग राजांचा मंत्री चामुंडराय यांनी करवली. मूर्तीच्या पायाशी त्यांच्या नावाची मराठीत कोरलेली ओळ आहे, मराठीतल्या सगळ्यांत जुन्या कोरीव लेखांत तिची गणना होते. आपण मराठी बोलणाऱ्या जैन बायका तिथे गेलो की ती ओळ शोधतोच. पण प्रतिष्ठा कोणत्या दिवशी झाली? संस्कृत बाहुबलीचरित्रात चैत्र शुद्ध पंचमी, रविवार, मृगशीर्ष नक्षत्र अशी नोंद आहे. म्हणजे हीदेखील वसंताच्या आरंभाचीच. पंचमीची कोर आणि जवळ मृगाचं डोकं. चित्रेपासून दहा दिवस मागे मोजत या, रोहिणी किंवा मृगशीर्ष येतं. विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी याच नोंदीवरून गणित मांडलं. कुणी १३ मार्च ९८१ काढलं, कुणी अकराव्या शतकातलं साल काढलं, कारण वार, तिथी आणि नक्षत्र तिन्ही एकदम बसवायला कठीण जातं. बहुतेकांनी ९८१ धरलं, म्हणून तर आम्ही १९८१ ला गेलो. साल कोणतंही असो, वाद घालता आला तो नक्षत्र लिहून ठेवलं होतं म्हणून.

आणि चामुंडरायांचे गुरू कोण? आचार्य नेमिचंद्र. मूर्तीची प्रतिष्ठा त्यांच्या सान्निध्यात झाली असं परंपरा सांगते. कपाटातून मी घरी आणलेलं त्रिलोकसार त्यांचंच. एकीकडे सत्तावन्न फुटांची मूर्ती आणि दुसरीकडे आकाशाचा जमाखर्च, दोन्ही एकाच गुरुशिष्यांच्या काळातले.

तो जमाखर्च असा. जैन गणनेत नक्षत्रं सत्तावीस नाहीत, अठ्ठावीस आहेत. जास्तीचं एक अभिजित. चंद्र प्रत्येक नक्षत्रात सारखा वेळ राहत नाही. सहा नक्षत्रं लहान, त्यांत १५ मुहूर्त. पंधरा नक्षत्रं मध्यम, त्यांत ३० मुहूर्त. सहा मोठी, त्यांत ४५ मुहूर्त. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, दिवसाचे ३०. आपली उत्तरा फाल्गुनी मोठ्यांपैकी, म्हणजे चंद्र तिच्यात छत्तीस तास असतो. आता बेरीज करा. सहा पंधरे नव्वद. पंधरा तिसा साडेचारशे. सहा पंचेचाळीस दोनशे सत्तर. एकूण ८१० मुहूर्त, म्हणजे बरोबर २७ दिवस. आणि अभिजितला दिले आहेत ९ मुहूर्त आणि वर २७/६७.

हा ६७ चा भाग पाहून मी थांबले. असा विचित्र अपूर्णांक कुणी उगाच लिहीत नाही. पुस्तकात त्याचंही उत्तर मिळालं. पाच वर्षांचं एक युग, त्याचे दिवस १८३०, आणि तेवढ्यात चंद्राच्या नक्षत्रांतून ६७ फेऱ्या. १८३० ला ६७ नी भागा. २७ दिवस येतात आणि उरतात दिवसाचे २१/६७. त्याचे मुहूर्त केले की ९ आणि २७/६७. अभिजितचा वाटा, अगदी तोच! माझ्या कॉमर्सच्या डोळ्यांना ते असं दिसलं की सत्तावीस खाती सुट्या आकड्यांत बसवली आणि जी शिल्लक राहिली ती अठ्ठाविसाव्या खात्यावर प्रामाणिकपणे टाकली. खोडाखोड करून ती शून्यावर आणली नाही. आजच्या विज्ञानाच्या मोजणीने चंद्राची ही फेरी २७.३२ दिवसांची आहे. जुन्या हिशोबात आणि तिच्यात फरक आहे सुमारे बारा मिनिटांचा, तोही सत्तावीस दिवसांत. हे गणित त्रिलोकसारापेक्षाही जुनं आहे, श्वेतांबर आगमांतल्या सूर्यप्रज्ञप्तीत ते आहेच. घड्याळ नसताना, नुसतं वर्षानुवर्षं बघून आणि मोजून केलेलं.

आता त्या मुलीचा प्रश्न. दोन चंद्र आहेत तर दिसतो एकच कसा?

पुस्तकातलं उत्तर मला तेव्हा माहीत असतं तर मी सांगू शकले असते. जुन्या आचार्यांच्या मते जंबूद्वीप थाळीसारखं गोल आणि सपाट, मध्ये मेरू. सूर्य मेरूभोवती फिरतो आणि एका फेरीला त्याला ६० मुहूर्त, म्हणजे दोन दिवस लागतात. सूर्य एकच असता तर आपल्याकडे तो एक दिवसाआड उगवला असता. म्हणून समोरासमोर दोन, आणि ते आळीपाळीने येतात. चंद्रही तसेच दोन, नक्षत्रं छप्पन्न. एक आपल्या भरतक्षेत्रावर असतो तेव्हा दुसरा मेरूपलीकडे ऐरावतावर. म्हणून दिसतो एकच. ही पुराणातली नुसती कल्पना नव्हती. सपाट जमीन आणि मध्ये पर्वत एवढं धरून चाललं तर दिवस-रात्र कशी होईल, याचं ते विचार करून दिलेलं उत्तर होतं.

पण तपासायला आकाश आहे. फाल्गुनातल्या रात्री आठला सप्तर्षी ईशान्येला पाहा. शेपूट क्षितिजाशी असतं आणि चौकोन वर. मग पहाटे पाचला, सामायिकाला उठाल तेव्हा, पुन्हा पाहा. ते वायव्येला गेलेले असतात, शेपूट वर आणि चौकोन खाली. नऊ तासांत त्यांनी ध्रुवाभोवतीची फेरी एक तृतीयांशापेक्षा जास्त पुरी केली. या वेगानं एक फेरी एका दिवसाची होते, दोन दिवसांची नाही. आणि फेरी एका दिवसाची असेल तर दुसऱ्या सूर्याची किंवा दुसऱ्या चंद्राची गरज उरत नाही. वराहमिहिरांनी सहाव्या शतकात आणि ब्रह्मगुप्तांनी सातव्या शतकात जैनांचं हे मत खोडलं, तेव्हा मुद्दा ध्रुवाभोवतीच्या या फिरण्याचाच होता. म्हणजे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी हा प्रश्न मोठमोठ्या लोकांनी विचारला होता. आमच्या पाठशाळेतल्या एका मुलीनं तोच विचारला आणि मी तिला खाली बसवलं.

काही जणी विचारतील, मग शास्त्र खोटं का? मी श्रद्धेनं देवदर्शन करणारी बाई आहे, ग्रंथाला पाय लागला तर कपाळाला हात लावणारी. पण गच्चीवर तीन वर्षं काढल्यावर मला असं दिसतं की आचार्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं आणि मोजलं ते आजही टिकून आहे. तिथ्या जुळतात, अभिजितची शिल्लक जुळते. ते का होतं हे सांगताना त्यांनी त्या काळी जी रचना मांडली ती पुढच्या निरीक्षणात टिकली नाही. पहिल्याचा अभिमान बाळगायला दुसरं लपवावं लागत नाही. अनेकान्ताचं नाव घेऊन अवघड प्रश्न टाळायची आपल्याला सवय लागली आहे. मला तर वाटतं अनेकान्त मानणाऱ्यांनी "ही बाजू तपासून पाहिली" असं म्हणायला सगळ्यांत पुढे असायला हवं. आणि आपली श्रद्धा दुसऱ्या चंद्रावर टेकलेली नाही. ती अहिंसेवर आहे, अपरिग्रहावर आहे, सूर्य मावळायच्या आत चूल बंद करणाऱ्या हातांवर आहे.

नातीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. तिला एक दिवस रात्री आणि एक दिवस पहाटे सप्तर्षी दाखवले. ती म्हणाली, "उलटे झाले!" मग दोघींनी मिळून तासांची बेरीज केली. शेवटी तिनंच सांगितलं, "म्हणजे यान आपल्याच चंद्रावर उतरलं." अभिजितही दाखवला. तो वसंतात पहाटे ईशान्येला चांगला वर आलेला असतो, निळसर पांढरा, ठळक. "हा शिल्लक राहिलेला," असं ती त्याला म्हणते.

त्या दुसऱ्या मुलीचा नंबर मिळवायला मला दोन महिने लागले. नंबर हातात आल्यावरही आठ दिवस फोन केला नाही. केला तेव्हा सरळ म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं आणि मी तुझ्यावर आवाज चढवला. चुकलं माझं." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, मग उत्तर काय?" मी पाऊण तास बोलत होते. मध्ये तिचं बाळ रडलं, ती त्याला घेऊन आली आणि म्हणाली, "हं, सांगा पुढे." ती पुन्हा मंदिरात येईल का ते मी विचारलं नाही. ते विचारायला मी फोन केला नव्हता.

यंदा मी पुन्हा पाठशाळा घ्यायला लागले आहे. महावीर जयंतीला सकाळी मिरवणूक, पाळणा, सगळं नेहमीसारखंच होईल. संध्याकाळी जेवणं आवरली की मुलांना मंदिराच्या गच्चीवर बोलावलं आहे. त्रयोदशीचा चंद्र उत्तरेच्या किंवा हस्ताच्या आसपास असेल. चंद्राच्या उजेडात उत्तरा फिकी दिसेल, म्हणून मुलांना आधी दोन-चार दिवस घरूनच ती ओळखून यायला सांगितलं आहे. चंद्र तिला चिकटलेला नसतो. तो जरा दक्षिणेकडून, मूठभर अंतर ठेवून जातो. तेही आधी सांगून ठेवलं, नाहीतर कुणीतरी विचारेल की बाई, लांब का आहे.

विचारलं तरी हरकत नाही. येत असेल ते सांगेन, नसेल तर माहीत नाही म्हणेन आणि घरी येऊन कपाट उघडेन.

तुम्हीही जा गच्चीवर. शहरात दिवे फार असतील तर टाकीच्या आडोशाला उभ्या राहा, दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. घरात नव्वदीची कुणी आज्जी असेल तर तिलाही खुर्ची टाकून बसवा, आणि तिला काय काय येतं ते या वर्षीच विचारून घ्या.